ओल्या खोलीतली सोन्याची पानं

चैत्रात खानदेशातली हवा किती कोरडी होते हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. ओठ फुटतात, टाचा फुटतात, दाराच्या फळ्या आकसून त्यांच्या फटींतून ऊन आत येऊ लागतं. धोतर वाळत घालून मागे वळेपर्यंत ते वाळलेलं असतं. लोक या हवेला शिव्या घालतात. ती बघून खूश झालेला बहुधा मी एकटाच माणूस असेन. मी धुळ्याच्या एका खासगी हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवायला आलो होतो आणि त्याआधी पुण्याच्या कॉलेजात माझे दोन पावसाळे काचेची कांडी घासण्यात वाया गेले होते.

पुण्यात आम्ही कांडी रेशमावर घासून घासून दमायचो, कागदाच्या कपट्यांजवळ न्यायचो आणि कपटे ढिम्म हलायचे नाहीत. आमचे प्रोफेसर मग कांड्या शेगडीवर शेकायला लावायचे. घासल्यावर कांडीवर विद्युतभार येतो हे खरं, पण तो तिथे टिकायला हवा. हवा दमट असली की काचेवर डोळ्याला न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसतो. त्या थरावरून भार हातात येतो, हातातून पायात आणि पायातून जमिनीत. जमिनीत गेलेला भार शोधून सापडत नाही. सगळ्या स्थिरविद्युतशास्त्राचा पहिला धडा खरं तर एवढाच आहे, आणि पुस्तकात तो शेवटी, बारीक अक्षरात छापलेला असतो.

धुळ्यात शेगडीची गरजच नव्हती. फाल्गुनात अंगावरची घोंगडी ओढली तरी तडतड ऐकू यायची. कापसातली सरकी काढायच्या जिनात काम करणाऱ्या बाया संध्याकाळी घरी निघायच्या तेव्हा रुईची तूस त्यांच्या लुगड्यांना अशी चिकटलेली असायची की झटकली तरी हलायची नाही, उलट झटकणाऱ्या हाताला येऊन चिकटायची. मी वर्गाला सांगितलं, पुस्तक मिटा आणि जिनाच्या फाटकाशी जाऊन उभे राहा. तूस का चिकटते हे ज्याला सांगता येईल त्याला हा विषय आला असं मी समजेन.

वर्ग म्हणजे पाच जण. मी मूळचा जळगावचा, मेहरूणचा. बी.एस्सी. होऊन आलेला तालुक्यातला पहिलाच, त्यामुळे डोक्यात वारं भरपूर होतं. शाळेला विज्ञान विषय शिकवायची परवानगी मिळाली होती ती तात्पुरती. दोन वर्षांनी इन्स्पेक्टरसाहेब येणार, वर्ग बघणार आणि परवानगी कायम करायची की काढून घ्यायची ते लिहिणार. सामान म्हणाल तर दोन लोहचुंबक, एक तराजू आणि बेडकाच्या पोटाचा एक तक्ता. कार्यकारी मंडळाच्या मते बेडकाचा तक्ता भिंतीवर लागला म्हणजे विज्ञान सुरू झालं.

पाचांतली एक मुलगी होती. धुळ्यापासून चार कोसांवरच्या गावची, कापूस पिकवणाऱ्या घरातली, शिकायला मावशीकडे राहिलेली. तूस का चिकटते हे तिनंच येऊन सांगितलं, आणि ते सांगताना ती आमची पुस्तकी मराठी विसरली. "सारखं सारखाले लोटस, सर, आन उलटं उलटाले वढस," ती म्हणाली आणि मग तिनं जीभ चावली. चार मुलगे हसले. मी त्यांना म्हटलं, दोन पानांचा धडा हिनं एका ओळीत सांगितला, तुम्ही दात काढा. सारखे भार एकमेकांना ढकलतात, विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. त्यापुढे जे काही आहे ते याचाच विस्तार आहे.

तिला पुण्याला जाऊन इंटर सायन्स करायचं होतं. डॉक्टर व्हायचंय असं ती वडिलांना सांगायची, कारण वडिलांना समजेल असं काहीतरी सांगावं लागतं. खरं म्हणजे तिला फक्त पुढचं कळून घ्यायचं होतं. अशी भूक मी पुढच्या सगळ्या नोकरीत आणखी एखाद-दोघांतच बघितली असेल.

भार आहे की नाही हे दाखवणारं उपकरण तिनंच तयार केलं. औषधांच्या दुकानातली रुंद तोंडाची बाटली, तांबटाकडून आणलेली पितळी सळई, सळईच्या वरच्या टोकाला पितळेची चकती आणि बाटलीच्या तोंडाशी वितळवून ओतलेलं गंधकाचं बूच. गंधकातून भार वाहत नाही, म्हणून सळईवर आलेला भार सळईतच कोंडून राहतो. सळईच्या खालच्या टोकाला सोन्याच्या वर्खाची दोन पानं लावायची असतात. वर्ख आणायचं काम माझ्याकडे होतं. सुट्टीत जळगावला गेलो तेव्हा सराफाकडे मागितला. त्यानं विचारलं, "खायला की देवाला लावायला?" मी म्हटलं, "बघायला." त्यानं वर्खाची वही माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं.

पानं चिकटवताना श्वाससुद्धा सोडता येत नाही. पहिल्या चार जोड्या फाटल्या. पाचवी जोडी तिनं पदर नाकातोंडाला बांधून लावली. मग लाखेची कांडी घोंगडीच्या तुकड्यावर घासून चकतीजवळ नेली, आणि बाटलीतली दोन्ही पानं एकमेकांपासून दूर झाली. कांडी चकतीला लागलेलीही नव्हती. कांडीवरच्या ऋण भारानं चकतीतला ऋण भार खाली ढकलला, तो दोन्ही पानांत उतरला, आणि सारखं सारख्याला लोटू लागलं. तिनं चकतीला बोट लावलं, पानं मिटली, कारण तो भार तिच्या अंगातून जमिनीत गेला. मग आधी बोट काढलं आणि नंतर कांडी दूर नेली. पानं पुन्हा उघडली आणि तशीच राहिली. आता त्यांच्यावर धन भार होता, कांडीच्या अगदी उलट. पुस्तक याला प्रवर्तन म्हणतं. यात सगळा खेळ क्रमाचा आहे. कांडी आधी काढली आणि बोट मागून, तर हाती काही राहत नाही. चार मुलगे हे महिनाभर चुकत होते. ती एकदाही चुकली नाही.

इन्स्पेक्टरसाहेबांसमोर हाच प्रयोग करायचा आणि तो तिनंच करायचा असं ठरलं. तिचे वडील बाजाराच्या दिवशी मला येऊन भेटले. उंच, वाळलेला माणूस, बोलताना जमिनीकडे बघणारा. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणू लागलो. मुलीला मागणी आलेली होती, मुलाकडचे थांबायला तयार नव्हते, आणि त्यांनी कसंबसं साहेब येईपर्यंत थांबवून धरलं होतं. "मी शिकेल नही, मास्तर," ते म्हणाले. "पोर म्हणस तिले येस. साहेबनी हा सांगं, तर मी तिले पुण्याले धाडसू. नही सांगं तर वैशाखमा लगीन." म्हणजे साहेब हो म्हणाले तर पुणं, नाहीतर वैशाखात लग्न. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, काळजी करू नका, हा प्रयोग चुकायचा नाही. धुळ्याच्या कोरड्या हवेत तो चुकणं अशक्यच होतं.

साहेबांची तारीख दोनदा पुढे गेली आणि शेवटी भर चैत्रात आली. त्या सकाळी मला स्टेशनवर पाठवलं, कारण इंग्रजीत बोलायची पाळी आली तर तरुण माणूस बरा. गाडीला उशीर झाला. साहेब उतरले ते घामानं निथळत. माणूस सज्जन होता, शिकलेला होता, पण इतिहासाचा. टांग्यात त्यांनी मला सरळ सांगितलं की विज्ञानातलं आपल्याला फारसं कळत नाही, दाखवाल ते बघू आणि तुम्ही सांगाल त्यावर विश्वास ठेवू.

आमच्या हेडमास्तरांना सगळी शाळा नाना म्हणायची. शाळा त्यांनी दारोदार फिरून उभी केली होती. उन्हातून आलेल्या पाहुण्याला गार करायचं, मग बाकीचं, ही आमच्याकडची रीत, आणि नाना रीतीला पक्के. मी वर्गाचं दार उघडलं आणि गार, सुगंधी हवा अंगावर आली. चारही खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावलेले होते आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं. जमीन पहाटे सारवलेली, अजून ओलसर. दाराबाहेर सडा, आत टेबलाखाली पाण्यानं भरलेली दोन घंगाळं. नाना मध्ये उभे होते, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. शिपायावर विश्वास न ठेवता त्यांनी पहाटेपासून स्वतः पाणी वाहिलं होतं. साहेब म्हणाले, "वा, इथे तर थंड हवेच्या ठिकाणी आल्यासारखं वाटतंय." नानांचा चेहरा खुलला. मी मात्र ठिबकणाऱ्या पडद्यांकडे बघत होतो.

मुलगी टेबलापाशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी समजलो की तिलाही समजलंय. तिनं जमेल तेवढं केलं होतं. लाखेची कांडी आणि घोंगडीचा तुकडा तिनं बाहेर उन्हात ठेवले होते, बाटली ओच्यात धरून तीही उन्हातच उभी राहिली होती, आणि नानांनी बोलावल्यावरच आत आली होती. पण आत आल्यावर गंधकाच्या बुचाला आणि काचेला त्या ओल्या हवेतच राहायचं होतं. आबा मागच्या भिंतीशी मुंडासं मांडीवर घेऊन बसले होते.

तिनं कांडी घासली आणि जवळ नेली. पानं थोडी उघडली, आणि आम्ही बघत असतानाच हळूहळू मिटली. पुन्हा घासली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर पानं हललीसुद्धा नाहीत. क्रम तिनं एकदाही चुकवला नाही. बोट, कांडी, सगळं जसंच्या तसं. चौघा मुलग्यांतला एक खुसखुसला. साहेब खुर्चीत पुढे झाले आणि अगदी सौम्यपणे मला म्हणाले, "याला काही कारण असावं. तुम्हाला काय वाटतं, मास्तर?"

मला एक वाक्य बोलायचं होतं. पडदे काढा, दारं-खिडक्या उघडा, अर्ध्या तासात दाखवतो. साहेब थांबले असते. मला आजही खात्री आहे की ते थांबले असते, त्यांनी तर विचारलंच होतं. मी नानांकडे पाहिलं. बाह्या अजून भिजलेल्याच होत्या. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, ते आपल्याच आनंदात होते आणि मला हातानं खुणावत होते की बोला, बोला. पाहुण्यासमोर या माणसाला सांगायचं की तुमच्या पाहुणचारानं सगळं बुडालं? इतकी वर्षं मी याला भीड म्हणत आलो. पण पुढच्याच आठवड्यात नाना माझी नोकरी कायम करण्याबद्दल मंडळाला लिहिणार होते, हेही त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. भीड किती आणि स्वार्थ किती हे मला वेगळं करता आलेलं नाही.

मी म्हणालो, "साहेब, उपकरण घरी तयार केलेलं आहे. मुलांनीच केलंय. त्यामुळे होतं असं कधी कधी."

"सर, ही खोली ओली आहे म्हणून…" ती म्हणाली.

"जागेवर जाऊन बस," मी म्हणालो.

आवाज चढवलासुद्धा नव्हता मी. ती गेली आणि बसली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, बेडकाचा तक्ता बघून समाधान व्यक्त केलं आणि पन्हं घेतलं. तीनच्या गाडीनं ते गेले.

दुपारी लू सुटली. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारायला आता कुणाला कारण नव्हतं. तासाभरात ते कडकडीत वाळले, जमीन पांढरी पडली. चारच्या सुमारास मी एकटा वर्गात गेलो. कांडी घासली, चकतीजवळ नेली, बोट लावलं, बोट काढलं, कांडी काढली. पानं उघडली आणि उघडीच राहिली. मी समोरच्या बाकावर बसून त्यांच्याकडे बघत होतो. ऊन उतरलं, शिपाई कुलूप घेऊन आला, तरी ती मिटलेली नव्हती. मी बोट लावून ती मिटवली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबा माझ्या खोलीवर आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"मास्तर, पोरनी चूक व्हती का?"

"मुलगी हुशार आहे, आबा."

"हुशार शे ते मले ठाऊक शे. चूक व्हती का, ते सांगा."

सांगायला अजूनही वेळ गेलेली नव्हती. पण आबा हे गावात बोलणार, गावातून ते धुळ्यात येणार, आणि धुळ्यात नानांच्या कानावर जाणार. रात्रभर जागून मी एवढाच हिशेब पक्का केला होता. मी म्हणालो, "ती बाटली नीट जमली नव्हती."

"बाटली तर तिनीच करेल व्हती," आबा म्हणाले. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग मान हलवली, मुंडासं डोक्यावर ठेवलं आणि म्हणाले, "बरं झालं तुम्ही खरं सांगं. नहीते बठ्ठा गाव हासता मले."

वैशाखात तिचं लग्न झालं. मला बोलावणं होतं, मी ताप आल्याचं कळवलं. आषाढात साहेबांचा शेरा आला: शिक्षक तयारीचा आहे, मात्र उपकरणं घरगुती आणि भरवशाची नाहीत; योग्य सामग्री घेईपर्यंत विज्ञानाचा वर्ग बंद ठेवावा. सामग्री घ्यायची नव्हतीच कुणाला. उरलेल्या चार मुलांनी विषय बदलले. माझी नोकरी कायम झाली आणि मला भूगोल देण्यात आला. नाना शेवटपर्यंत म्हणत असत की त्या दिवशी व्यवस्था उत्तम झाली होती, साहेब खूश होऊन गेले, फक्त त्या पोरीनं घोटाळा केला. मी त्यांची तीही चूक कधी दुरुस्त केली नाही. भूगोल मात्र मी चांगला शिकवला असं लोक म्हणतात. पाऊस कसा पडतो, हवेत बाष्प किती असतं, हे सगळं त्यात येतंच.

पुढे मी जळगावला, मेहरूणच्या घरी परत आलो आणि इथल्याच एका शाळेत लागलो. दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षीची गोष्ट. मोटार स्टँडवर मी धुळ्याच्या मोटारीतून कुणी यायचं होतं त्यांची वाट बघत उभा होतो. एक बाई समोर येऊन थांबली. हातात पिशवी, जवळ दोन मुलं, मोठी मुलगी आठेक वर्षांची. चेहरा मी लगेच ओळखला. तिचं वय तिशीच्या आतच असणार, पण अकरा वर्षांत तो पस्तीस-चाळिशीतल्या बाईचा झाला होता.

तिनं माझी प्रकृती विचारली. मी आबांची विचारली. ते गेल्याला तीन वर्षं झाली होती. कापूस यंदा बरा होता. मुलीला शाळेत घातलंय का, मी विचारलं. "घातली होती," ती म्हणाली. "आता घरी असते." तिची मोटार लागली, मुलं ओढू लागली, तरी ती तिथेच उभी होती.

"सर, एक विचारू का?" ती म्हणाली. "ते पाण्यामुळेच झालं होतं ना? की मला उगाच तसं वाटलं होतं?"

ज्या मुलीनं एका ओळीत धडा सांगितला होता, जिनं क्रम एकदाही चुकवला नव्हता, तिला हे विचारावं लागत होतं. तिचं पुणं गेलं, पुढचं शिक्षण गेलं, हे मला इतकी वर्षं ठाऊक होतं आणि त्याची बोच मी सवयीनं अंगवळणी पाडून घेतली होती. पण तिला जे पक्कं ठाऊक होतं, डोळ्यांनी बघितलेलं होतं, त्यावरचा तिचा विश्वाससुद्धा मी काढून घेतला होता, हे मला त्या दिवशी स्टँडवर कळलं. आपल्याला काही समजत होतं की नव्हतं, हे अकरा वर्षं तिनं स्वतःलाच विचारलं असणार. सगळे एका बाजूला होते, वडील, साहेब, नाना, आणि बी.एस्सी. झालेले तिचे सर.

"पाण्यामुळेच," मी म्हणालो. "त्याच दुपारी मी पुन्हा करून पाहिलं. पानं संध्याकाळपर्यंत मिटली नाहीत."

तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर तो यावा असंच मला वाटत होतं.

"मग दुसऱ्या दिवशी आबा तुमच्याकडे आले होते," ती म्हणाली, "तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

तिनं पिशवी सावरली. मुलीचा हात धरला, धाकट्याला कडेवर घेतलं आणि मोटारीत जाऊन बसली. ती खिडकीशी बसली होती, पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मोटार सुटेपर्यंत मी तिथे उभा होतो, आणि ती बोलावेल या आशेनं नव्हे, तर मला तिथून हलायचं धैर्य होत नव्हतं म्हणून.